आकाशातील वाटा व सागरावरील पहारा

मलेशिया सरकारने २०२५ सालच्या मार्च महिन्यात सागरतळाचा शोध घेणाऱ्या एका कंपनीस नव्याने काम सोपविण्याचा निर्णय घेतला. हरवलेले विमान सापडले तर सात कोटी डॉलर, न सापडल्यास एक कवडीही नाही, अशी त्या व्यवहाराची अट. ८ मार्च २०१४ च्या मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेले, २३९ जीव पोटात घेतलेले मलेशियन एअरलाइन्सचे बोइंग ७७७ विमान हिंदी महासागराने गिळले, त्या गोष्टीस तेव्हा अकरा वर्षे झाली होती. मध्यंतरी १,२०,००० चौरस किलोमीटर सागरतळ पिंजून काढण्यात आला. जानेवारी २०१७ मध्ये तो शोध थांबला. जुलै २०१८ मध्ये चौकशीचा अहवाल बाहेर आला आणि दुर्घटनेचे कारण निश्चितपणे सांगता येत नाही, एवढेच त्याने सांगितले. २०१५ साली रेयुनियाँ बेटाच्या किनाऱ्याला लागलेला पंखाचा एक भाग आणि नंतर इतरत्र मिळालेले काही तुकडे, हीच काय ती त्या विमानाची निशाणी. प्रवाशांत पाच भारतीय नागरिक होते. ज्या घरांत माणूस गेल्याची तिथीही खात्रीने सांगता येत नाही आणि अग्नी द्यावयास देहही मिळत नाही, त्या घरांचे दुःख कोणत्या शब्दांत मांडावे?

सामान्य वाचकास यावर पडणारा प्रश्न अगदी साधा आहे. भाड्याने बोलाविलेली मोटार कोणत्या वळणावर आली हे हातातल्या फोनवर दिसते, त्या काळात दोनशे फूट लांबीचे विमान हरवतेच कसे? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर महासागरावरील विमानांच्या वाटा कोण ठरवितो आणि त्या वाटेवरच्या विमानाकडे कोण डोळे लावून बसलेला असतो, हे समजून घेतले पाहिजे. हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या गोव्यातील आणि कोकणातील हजारो कुटुंबांची चूल आखाती देशांतल्या मिळकतीवर पेटते, त्या आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी वर्षातून एकदा तरी अरबी समुद्रावरून जात-येत असते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जमिनीवरून जाणारे विमान रडारला दिसते, परंतु रडारची नजर सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी तर गोल आहे. त्यामुळे किनाऱ्यावरील रडार कितीही समर्थ असले, तरी आकाशात उंचावर असलेले विमानही किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटर दूर गेले, की क्षितिजाखाली बुडते. पुढे खुला सागर. तेथे रडार बसवायला जमीन नाही. जगातील विमानवाहतुकीने आपली पहिली अनेक दशके या आंधळ्या पट्ट्यातून चाचपडतच पार केली.

या चाचपडण्यातून शहाणपण कसे निर्माण झाले, याचा उत्तम नमुना म्हणजे उत्तर अटलांटिक महासागर. युरोप आणि अमेरिका यांच्यामधील हा जलविस्तार जगातील सर्वांत वर्दळीचा सागरी हवाईप्रदेश समजला जातो. युरोपातून विमाने सकाळी-दुपारी पश्चिमेकडे निघतात, अमेरिकेतून ती रात्री पूर्वेकडे परततात. म्हणजे दिवसा एका दिशेचा लोंढा आणि रात्री दुसऱ्या दिशेचा. हा लोंढा आवरण्यासाठी १९६० च्या दशकात एक व्यवस्था बसविण्यात आली व ती आजही चालू आहे. रोज दिवसासाठी एकदा आणि रात्रीसाठी एकदा असे समांतर मार्ग नव्याने आखावयाचे. पश्चिमेकडील मार्ग ब्रिटन व आयर्लंड यांच्या सामाईक कक्षेसाठी स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे काम करणारे केंद्र आखते. पूर्वेकडील मार्ग कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधील गँडर येथील केंद्र आखते. आपणास कोणती वाट सोयीची आहे, हे विमानकंपन्या आधी कळवितात. दोन्ही केंद्रे परस्परांशी बोलतात आणि मग त्या दिवसाच्या वाटा अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत जाहीर होतात. पश्चिमेकडील मार्गांना इंग्रजी वर्णमालेच्या आरंभीची अक्षरे, पूर्वेकडील मार्गांना अखेरची. कालच्या वाटेचा आज मागमूसही राहत नाही.

रोज नवी वाट कशासाठी? पृथ्वीच्या गोलावर लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो सपाट नकाशावर दिसते त्यापेक्षा पुष्कळ उत्तरेकडून वळसा घेतो. अंतराने जवळची वाट हीच. परंतु अंतराने जवळची वाट वेळाने जवळची असेलच असे नाही. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा झोतवारा ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे वेग घेतो, आणि तो आज येथे तर उद्या तेथे सरकतो. पूर्वेकडे जाणाऱ्याने त्याच्या पाठीवर बसावे, पश्चिमेकडे जाणाऱ्याने त्याला चुकवून जावे. आपल्या किनाऱ्यावरील तारवटी आणि तांडेल यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मोसमी वाऱ्याचे वेळापत्रक पाहूनच त्यांचे पूर्वज गलबते घेऊन आफ्रिकेच्या आणि अरबस्तानाच्या किनाऱ्यास जात होते. वाऱ्याशी भांडून कोणी श्रीमंत झालेले नाही, हे त्यांना ठाऊक होते. जेट विमानांच्या युगातही या व्यवहाराचे मूळ तेच राहिले आहे. फरक एवढाच, की त्या काळी चूक झाल्यास वेळ जात असे, आज इंधन जाते.

मात्र वाट नुसती स्वस्त असून भागत नाही, ती अडचणीत तारणारी असावी लागते. दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन बंद पडल्यास ठराविक मिनिटांत पोहोचता येईल असा विमानतळ नेहमी टप्प्यात ठेवला पाहिजे, असा दंडक आहे. पूर्वी ही मर्यादा साठ मिनिटांची होती. १९८५ साली ती एकशेवीस मिनिटांपर्यंत वाढविण्यास मान्यता मिळाली आणि पुढे इंजिने अधिक भरवशाची होत गेली तसतशी ती आणखी वाढली. म्हणून अटलांटिकवरील वाटेचा हिशेब करताना गँडर, आइसलंडचे केफ्लाविक, आयर्लंडचे शॅनन, पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवरील लाजेस अशी नावे प्रत्येक वेळी तपासली जातात. २४ ऑगस्ट २००१ रोजी कॅनडाच्या एका विमानातील इंधन गळतीमुळे भर समुद्रावर संपले, दोन्ही इंजिने थंडावली, आणि ३०६ माणसांसह ते विमान नुसते तरंगत येऊन लाजेसच्या धावपट्टीवर टेकले. महासागराच्या मध्यावरील एका लहानशा बेटाचे मोल त्या रात्री ३०६ घरांना कळले.

आता पहाऱ्याचा भाग. जे दिसत नाही त्याच्यावर पहारा ठेवावयाचा, तर कानाचा आधार घ्यावा लागतो. वैमानिकाने साधारणतः दर दहा रेखांशांवर बिनतारी यंत्रावरून आपला ठाव सांगावा : मी अमुक बिंदूवर, अमुक वेळी, अमुक उंचीवर आहे, पुढील बिंदूवर अमुक वेळी पोहोचेन. किनाऱ्यावरील माणसाने तो लिहून घ्यावा आणि पुढच्या वेळेची वाट पाहावी. लांब पल्ल्याच्या या बिनतारी लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत येतात, त्यामुळे खरखर आणि अस्पष्टता ठरलेली. अशा स्थितीत दोन विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखण्याचा एकच उपाय होता. ते अंतरच भरपूर ठेवावयाचे. शेजारच्या दोन वाटांमध्ये साठ सागरी मैल, म्हणजे एकशेदहा किलोमीटर; एकाच वाटेवर मागे-पुढे असणाऱ्या विमानांत दहा-दहा मिनिटांचे अंतर, आणि मागच्याने पुढच्याला गाठू नये म्हणून दोघांनाही वेग बांधून दिलेला. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात निरोप आला नाही, तर अनिश्चितता. चौकशी करूनही पत्ता लागला नाही, तर सावधगिरी. आशा मावळू लागली, की संकट. पहारेकऱ्याने या तीन पायऱ्या चढत जावयाच्या, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

या पद्धतीने लक्षावधी उड्डाणे सुखरूप पार पडली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिच्यात एक मूलभूत उणीव होती. वैमानिक जे सांगतो ते त्याच्या समजुतीप्रमाणे असते. ती समजूतच चुकीची असेल तर? १ सप्टेंबर १९८३ रोजी अलास्काहून सेऊलला निघालेले कोरियन विमान नेमके असेच भरकटले. स्वयंचलित सुकाणू दिशादर्शक यंत्रणेस जोडलेच गेले नव्हते, असा निष्कर्ष पुढे निघाला. वैमानिक मात्र ठरलेले बिंदू ओलांडल्याचे निरोप शांतपणे देत होते, आणि विमान वाटेपासून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर, सोव्हिएत हद्दीत शिरले होते. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले, २६९ माणसे मेली. त्या हत्याकांडानंतर अमेरिकेने आपली लष्करी उपग्रह दिशादर्शन प्रणाली नागरी वापरास मोफत देण्याचे जाहीर केले. आज मच्छीमाराच्या होडीतही जे यंत्र दिसते, त्याचा इतिहास असा रक्ताने लिहिलेला आहे.

उपग्रह दिशादर्शनामुळे विमान आपल्या वाटेवर इतके काटेकोर चालू लागले, की त्यातून नवाच धोका उद्भवला. उंचीची चूक झाली, तर वरचे आणि खालचे विमान आता अगदी एकाच रेषेवर असणार. म्हणून मार्गाच्या मध्यरेषेपासून एक-दोन सागरी मैल उजवीकडे सरकून उडण्याची पद्धत मुद्दाम पाडण्यात आली.

यापुढील पाऊल २०१९ च्या मार्चमध्ये पडले. इरिडियम कंपनीच्या पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ६६ उपग्रहांवर बसविलेल्या ग्राहकयंत्रांनी विमानांकडून सतत प्रक्षेपित होणारा ठावठिकाणा टिपण्यास प्रारंभ केला, आणि उत्तर अटलांटिकवरील विमाने प्रेस्टविक व गँडर येथील पडद्यावर काही सेकंदांच्या अंतराने दिसू लागली. मागे-पुढे असणाऱ्या सुसज्ज विमानांमधील अंतर त्यामुळे चौदा सागरी मैलांपर्यंत आणता आले. वाहतूक रोडावलेली असताना २०२१ च्या मार्चमध्ये काही दिवस समांतर मार्ग जाहीरच न करून पाहण्यात आले, आणि १ मार्च २०२२ पासून तेहतीस हजार फूट व त्याखालील उंचीवर ते बंदच करण्यात आले. तेथे विमानाने आपल्या सोयीची वाट मागावी आणि पहारेकऱ्याने ती तपासून द्यावी, एवढे स्वातंत्र्य आले आहे. डोळस पहारा असला की बंधने सैल करता येतात, हा राज्यकारभारातील अनुभव आकाशातही खरा ठरला.

मग हे सारे हाती असताना मनुष्य कोठे कमी पडतो? १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान २२८ जणांसह अटलांटिकमध्ये कोसळले. ब्राझीलच्या कक्षेतून ते सेनेगलच्या कक्षेत जावयाचे होते. ते पहिल्या कक्षेत निरोप देईनासे झाले आणि दुसऱ्या कक्षेत पोहोचलेच नाही. तरी पहिला संकटसंदेश निघावयास सुमारे सहा तास लागले, आणि मुख्य अवशेष सापडण्यास एप्रिल २०११ उजाडला. त्यावरून जगाने धडा घ्यावा, तो पाच वर्षांच्या आत मलेशियन विमानाची कथा घडली. रात्री १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाचा अखेरचा शब्द ऐकू आला. दोन मिनिटांनी, मलेशिया व व्हिएतनाम यांच्या कक्षा मिळतात त्या बिंदूपाशी, ते पडद्यावरून नाहीसे झाले. ‘तुमचे विमान आमच्याकडे आले नाही’ अशी विचारणा व्हिएतनामकडून झाली ती १ वाजून ३८ मिनिटांनी. त्यानंतर फोन इकडून तिकडे फिरले, विमान कंबोडियाकडे असल्याचा गैरसमज मध्येच पसरला, आणि शोध-बचाव केंद्र जागे झाले तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्या विमानातील एका यंत्राने उपग्रहाला आपण चालू असल्याची अखेरची खूण दिली, ती सकाळी ८ वाजून १९ मिनिटांनी! म्हणजे शोधाची घंटा वाजली तेव्हा विमान अद्याप आकाशात होते आणि पुढे पावणेतीन तास आकाशातच राहिले.

दोन्ही प्रसंगी विमान दोन देशांच्या सीमेवर हरवले, हा आमच्या मते योगायोग नाही. माझ्याकडून गेले आणि त्याच्याकडे अजून पोहोचले नाही, ही फट म्हणजे बेजबाबदारीचे माहेरघर. गावाच्या वेशीवरील रस्ता दोन्ही पंचायतींनी दुरुस्त करावयाचा राहतो, त्यातलाच हा प्रकार. उलट उदाहरण आपल्याच कनिष्काचे. २३ जून १९८५ रोजी ते विमान घातपातामुळे आयर्लंडजवळ समुद्रात पडले, ३२९ माणसे गेली. ते घातपात्यांचे पाप पहाऱ्याने टळले नसते. परंतु शॅननच्या रडारवरून विमान नाहीसे झाल्याचे पाहणाऱ्याने तत्काळ ओळखले, जहाजे काही तासांत स्थळी पोहोचली आणि सव्वाशेहून अधिक मृतदेह आप्तांच्या हाती देता आले. पाहणारा जागा असेल, तर मृत्यूनंतरची विटंबना तरी टळते.

मलेशियन दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना हलली. नोव्हेंबर २०१८ पासून मोठ्या प्रवासी विमानांचा ठाव सागरावर निदान दर पंधरा मिनिटांनी विमानकंपनीस कळला पाहिजे, असा नियम लागू झाला. संकटात सापडलेल्या विमानाने दर मिनिटास आपोआप ठाव कळवावा, असाही दुसरा नियम झाला. परंतु तो दोनदा पुढे ढकलला जाऊन १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला, आणि तोही २०२४ च्या प्रारंभापासून नव्याने उड्डाणयोग्य ठरलेल्या विमानांपुरताच. या दोहोंतील अंतर वाचकांनी स्वतः मोजून पाहावे. ताशी नऊशे किलोमीटर वेगाचे विमान पंधरा मिनिटांत सव्वादोनशे किलोमीटर जाते. शेवटच्या ठावाभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर शोधावयाचे क्षेत्र सुमारे १,५९,००० चौरस किलोमीटर भरते. त्यात आपल्या गोव्यासारखी चाळीसहून अधिक राज्ये मावतील. एका मिनिटाचा हिशेब केला, तर तेच क्षेत्र गोव्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी होते. प्रवासी विमान वीस-पंचवीस वर्षे सेवेत राहते. म्हणजे आज उडणाऱ्या बहुसंख्य विमानांना हा मिनिटाचा नियम लागूच नाही. जुन्या विमानांत यंत्र बसविणे महाग पडते, हे कारण दिले जाते. एकाच शोधात अनेक देशांच्या तिजोऱ्यांतून जो पैसा समुद्रात गेला, त्याची बेरीज मात्र या हिशेबात धरली जात नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. १९४४ च्या शिकागो करारान्वये खुल्या समुद्रावरील आकाशात कोणा एका देशाची सत्ता नाही. तेथे आंतरराष्ट्रीय नियम चालतात आणि त्यांच्या देखरेखीची जबाबदारी वाटून दिलेली असते. अरबी समुद्राच्या फार मोठ्या विस्ताराची जबाबदारी मुंबईच्या नियंत्रण केंद्राकडे आहे. त्याची कक्षा कराची, मस्कत, मोगादिशू यांच्या कक्षांना भिडते. त्या विस्ताराचा बराचसा भाग किनाऱ्यावरील रडारच्या टप्प्याबाहेर आहे. तेथे बिनतारी निरोप आणि उपग्रहामार्फत जाणारे लिखित संदेश यांवर भिस्त असते. गोव्याहून आखाताकडे जाणाऱ्या विमानाचा तीन-साडेतीन तासांचा प्रवास मुख्यतः याच आकाशातून होतो.

या आकाशातील वाटा राजकारणही ठरविते, हे गोमंतकीयांस निराळे सांगावयास नको. भारताच्या नाकेबंदीच्या काळात, १९५५ साली, पोर्तुगीज सरकारने दाबोळीचा विमानतळ उभारला आणि आपल्या विमानांना समुद्रावरून दमण, दीव व कराचीची वाट दाखविली. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानदलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केल्यावर त्याच रात्री दोन विमाने अंधारातून कराचीकडेच निसटली. इतिहासाची गंमत अशी, की पुढे हीच सागरी वाट भारताला उपयोगी पडली. २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै आणि पुन्हा २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे निघालेल्या विमानांना दक्षिणेकडे वळून अरबी समुद्रावरून जावे लागले. काही अमेरिकागामी विमानांना इंधनासाठी वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावे लागले. सीमेवर एक कुंपण पडले, की समुद्रावरील गर्दी अशी वाढते, आणि मुंबईच्या पहारेकऱ्याच्या डोक्यावरील भारही तितकाच वाढतो.

भरीस भर म्हणून २०२३ च्या उत्तरार्धापासून इराक-इराणच्या आकाशात विमानांना दिशादर्शनाचे खोटे संकेत पाठविण्याचे प्रकार उघडकीस आले, आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने विमानकंपन्यांस सूचना दिल्या. यातील मर्म गंभीर आहे. उपग्रहांची नवी टेहळणी विमान जे सांगते तेच टिपते. विमानालाच फसविले, तर पहारेकरीही फसतो. चाळीस वर्षांपूर्वी त्या कोरियन वैमानिकाची जी गत झाली, तीच यंत्राचीही होऊ शकते. म्हणूनच यंत्राने सांगितलेले पडताळून पाहणारा, ठरल्या वेळी निरोप आला नाही म्हणताच फोन उचलणारा माणूस बाजूस सारता येणार नाही.

यास्तव आमच्या सरकारकडून तीन अपेक्षा आहेत. अरबी समुद्रावर कक्षा बदलताना विमान ठरल्या मिनिटास पोहोचले नाही, तर कोणी, किती मिनिटांत, कोणास कळवावयाचे याचे शेजारी देशांबरोबरचे संकेत पक्के असावेत, आणि त्यांची वरचेवर तालीम व्हावी. पाकिस्तानशी अन्य सर्व बोलणी थांबली, तरी कराचीच्या नियंत्रण केंद्राशी चालणारे हे बोलणे थांबू नये. पंधरा मिनिटांचा नियम आपल्या कंपन्या खरोखर पाळतात काय, याची तपासणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष प्रसिद्ध व्हावा. आणि दर मिनिटास ठाव कळविण्याची सोय जुन्या विमानांतही ठराविक मुदतीत यावी, असा आग्रह भारताने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर धरावा. ज्या देशाचे एवढे नागरिक रोज परक्या भूमीकडे समुद्र ओलांडून जातात, त्याचाच हा आग्रह धरण्याचा अधिकार सर्वांत मोठा आहे.

आखाताकडे निघालेल्या मुलाचे विमान उतरल्याचा फोन येईपर्यंत येथील आईचा डोळा लागत नाही. तिचे हे जागरण कोणत्याही नियमाने बंद होणार नाही. मात्र तिच्या बरोबरीने किनाऱ्यावर आणखी कोणीतरी जागा आहे, एवढी खात्री तिला देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि ते पार पाडण्यासाठी दुसऱ्या दुर्घटनेची वाट पाहण्याचे कारण नाही.